जर्मनीला येतोयस तर

तू विचारलंस, न्यूरेंबर्गला डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी पक्की झालीये, तर सांगली सोडण्याआधी काय तयारी करू, आणि तिसरीतल्या मुलीला लगेच आणू का. व्हिसा, ब्लू कार्ड, अपोस्टील हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

आर या डेटाच्या प्रोग्रामिंग भाषेत दोन टेबलं सामाईक कॉलमवर जोडायला तुला येतं. पण आपला पिनकोड शून्याने सुरू होत नाही, सांगलीचा ४१६४१६. इथे सॅक्सनी राज्यातल्या ड्रेस्डेनचा ०१०६७, लाइपझिगचा ०४१०९. फाइल वाचायच्या साध्या रीड.सीएसव्ही फंक्शनने ती वाचली की कोड आकडा धरला जातो आणि ०१०६७ चा १०६७ होतो. दुसऱ्या टेबलात तोच कोड शून्यासकट मजकूर म्हणून असेल, तर मर्ज, म्हणजे टेबलं जोडणारं फंक्शन, त्या ओळी गुपचूप गाळतं, कारण वेगळं सांगितलं नाही तर ते दोन्हीकडे जुळलेलंच ठेवतं. अख्खा सॅक्सनी रिपोर्टमधून गायब, आणि एरर काहीच नाही! म्हणून कोडचा कॉलम वाचतानाच कॅरॅक्टर, म्हणजे मजकूर, ठेव. अँटी जॉईन करून न जुळलेल्या ओळी स्वतः बघ. डाव्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणाऱ्या लेफ्ट जॉईननंतर ओळी वाढल्या, तर उजव्या टेबलात तोच कोड पुन्हा आलाय.

कागदपत्रांचंही तसंच. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात. इथल्या एका कार्यालयातल्या बाईंनी माझे दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि नावांवर बोट ठेवून विचारलं, "ही दोन माणसं आहेत का?" फाइल कितीतरी दिवस तिथेच पडून होती. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, सगळ्यांवरची स्पेलिंगं तिकडेच एकसारखी करून घे. वहिनींचं लग्नानंतरचं नाव नीट बघ.

एकटेपणा येतो, हिवाळ्यात जास्त. निभावतं.

शाळेचं मात्र अजून सलतं. न्यूरेंबर्ग ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या ग्रेडची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर थेट जिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे १ म्हणजे सर्वांत चांगली ग्रेड, ६ म्हणजे सर्वांत वाईट. आमचा पोरगा मराठीत पाढे पुटपुटत गणितं सोडवायचा, गणितात त्याला १ होता. जर्मनने सरासरी बिघडवली. पुढे वाट बदलता येते असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण रोज ऑफिसात सरासऱ्या काढणाऱ्या मला, माझ्या पोराची वाट एका सरासरीने ठरली हे पचत नाही. रात्री कधीकधी वाटतं, त्याला चौथीपर्यंत आजीजवळच ठेवलं असतं तर? उत्तर सापडलेलं नाही.

तुझ्या हातात जेमतेम वर्ष आहे. जॉइनिंग पुढे ढकलता आलं तर ढकल, आणि मुलीची जर्मनची शिकवणी या आठवड्यातच लाव.