‘मॅडम, बाहेरून डिग्री केली तर चालते का?’

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने माझ्यासमोर एकच प्रश्न वेगवेगळे चेहरे घेऊन येतो. ‘मॅडम, बाहेरून डिग्री केली तर चालते का?’ कधी आई विचारते, कधी मुलगा, कधी लग्नानंतर शिक्षण सुटलेली बाई. नाशिकमध्ये समुपदेशन करायला लागून मला १९ वर्षं झाली. रोज कॉलेजात न जाता पदवी घेता येते त्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय इथेच, गंगापूर धरणाजवळच्या गोवर्धनला आहे. तरीही त्याच्या अंगणात राहणाऱ्या माणसांच्या मनातून हा ‘बाहेरून’ काही जात नाही. आत कोण आणि बाहेर कोण, हे एकदा ठरून गेल्यासारखं झालं आहे.

उत्तर देऊन देऊन मला ते पाठ झालं आहे. पण नुसतं उत्तर पुरत नाही, हे मला एका मुलानं शिकवलं. त्याला सुजित म्हणू या. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

सुजितला त्याचे वडील घेऊन आले होते. एसटीत वाहक, सिन्नरकडचे. अकरावीपासून मुलाला शहरातल्या कॉलेजात घातलेलं. बारावी कला शाखेला ७४ टक्के. खुर्चीवर टेकायच्या आधीच वडील म्हणाले, “मॅडम, हा म्हणतो मुक्तमधून बी.ए. करतो आणि एमपीएससीचा क्लास लावतो. डेपोतले सगळे म्हणतात, बाहेरून केलेल्या डिग्रीला कुत्रं विचारत नाही. तुम्हीच समजावा.”

सुजित शांत होता आणि पूर्ण तयारीनं आला होता. त्यानं मोबाइलवर यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम काढून दाखवला. २०२०च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं मिळवलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते. राज्यसेवेला पदवी मान्यताप्राप्त असावी लागते, तुम्ही वर्गात बसला होतात का हे कोणी विचारत नाही. पूर्वपरीक्षा तर शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

मी वडिलांना म्हटलं, “दादा, तो खरं सांगतोय. हे विद्यापीठ १९८९ सालचं. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले सर. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे दिल्लीला इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही झाले. ज्या माणसानं वर्गातलं विद्यापीठ चालवलं, त्यानंच हे उभं केलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद उगाच नाही.”

वडील गप्प झाले. थोडे हलकेही झाले असावेत. “म्हणजे डिग्री खरी असते?”

“खरी असते.”

माझ्या व्यवसायातले बरेच जण इथे फाइल मिटतील. मीही पूर्वी मिटली असती. शंका होती, माहिती दिली, शंका फिटली. पण मला एक गोष्ट टोचत होती. अठरा वर्षांच्या मुलाला आयुष्याचा एवढा मोठा निर्णय घेताना एकही शंका का नाही? त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. ज्याच्याकडे इतकी उत्तरं तयार असतात, त्याला एखादा प्रश्न कुणी विचारू नये असं वाटत असतं. मी त्याला पुढच्या आठवड्यात एकट्याला बोलावलं.

दुसऱ्या भेटीत आम्ही अभ्यासाविषयीच बोललो. मी त्याला हिशेब घालून दिला. उदाहरणादाखल इग्नू घेतलं. तिथे एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. वर्षाला ४० श्रेयांक असतील तर १२०० तास होतात. वर्षातले ३०० दिवस धरले तरी रोजचे चार तास झाले, तेही एमपीएससीचा अभ्यास सोडून. त्यात स्वाध्याय लिहून वेळेत द्यायचे. इग्नूत त्यांचा वाटा साधारण ३० टक्के असतो, उरलेले ७० टक्के सत्रान्त परीक्षेचे. बहुतेक मुलं हा हिशेब ऐकून दचकतात, कारण ‘बाहेरून’ म्हणजे परीक्षेआधी महिनाभर पुस्तकं चाळायची अशी त्यांची समजूत असते. सुजित दचकला नाही. “करीन,” म्हणाला.

“आणि वर्ग? मित्र? कुणाशी वाद घालावासा वाटला तर?”

“नाही वाटत.”

तेवढ्यात त्यानं माझ्या टेबलावरच्या तांब्याकडे बोट केलं. “ते… जरा घेऊ का?” मी पेला पुढे केला. त्या वेळी मला त्यात काही दिसलं नाही.

तिसऱ्या भेटीत उन्हाचा कडाका होता. आल्या आल्या त्यानं पुन्हा तांब्याकडे बोट केलं आणि पुन्हा म्हणाला, “ते… जरा.” आता मात्र मी थांबले. घशाला कोरड पडलेला माणूस ‘पाणी’ हा शब्द टाळतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी पेला भरला, पण लगेच दिला नाही. हळूच विचारलं, “सुजित, याला काय म्हणतोस तू?”

तो खूप वेळ बोलला नाही. पंखा फिरत होता. मग त्याचे कान लाल झाले आणि तो म्हणाला, “पानी.”

मग सगळं बाहेर आलं. अकरावीत मराठीच्या तासाला त्याला उभं राहून धडा वाचायला सांगितलं होतं. तो ‘लोनी’ म्हणाला, ‘पानी’ म्हणाला, आणि वर्ग हसला. शिकवणाऱ्यांनी वर्गाला गप्प केलं नाही, त्यांनी त्याला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. तीन वेळा. तिन्ही वेळा ‘न’च आला. त्यानंतर दोन वर्षं त्यानं त्या कॉलेजात तोंड उघडलं नाही. शेवटचा बाक, मग कॅन्टीनच्या मागची भिंत, मग हजेरीपुरतं येणं. ७४ टक्के त्यानं खोलीत बसून मिळवले होते. मुक्त विद्यापीठाचे नियम तो रात्री जागून वाचायचा, कारण तिथे कोणी उभं करून वाचायला लावणार नव्हतं.

मी त्याला पेला दिला. माझेही डोळे भरून आले होते, आणि मी ते लपवले नाहीत.

मी ज्या विचारपद्धतीनं काम करते, तिच्यात एका छोट्या अक्षराला फार महत्त्व आहे. ते अक्षर म्हणजे ‘च’. ‘लोकांनी हसू नये’ ही इच्छा झाली. ‘लोकांनी मला हसताच कामा नये’ हा हट्ट झाला. इच्छा मोडली तर माणसाला वाईट वाटतं, हट्ट मोडला तर माणूस पळतो. त्या वर्गात जे घडलं ते चूकच होतं, आणि ती चूक सुजितची नव्हती. पण पुढची दोन वर्षं त्याला त्या दिवसापेक्षा या ‘च’नं जास्त छळलं. वडिलांकडेही तो होताच, ‘कॉलेजलाच गेलं पाहिजे’. बापलेक दोघेही एका विद्यापीठाविषयी भांडत होते, आणि दोघांचंही भांडण विद्यापीठाशी नव्हतं. वडिलांना डेपोत मान खाली घालावी लागेल याची भीती, मुलाला वर्गात. भीती एकच होती, निष्कर्ष उलटे निघाले होते. हे मला दिसलं तेव्हा या कामातली माझी इतकी वर्षं सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचं काम लांबलं, सगळं इथे सांगत नाही. एक संवाद मात्र सांगते.

“समज, पुन्हा कुणी हसलं. काय होईल?”

“लाज वाटेल.”

“आणि मग?”

“…मग काही नाही. तास संपेल.”

“कंडक्टरच्या मुलाला हे सांगायला नको, पण तुझे वडील दिवसभर किती अनोळखी माणसांशी बोलतात? त्यांचा ‘ण’ कसा आहे?”

तो पहिल्यांदा मनापासून हसला. “माझ्यासारखाच.”

मी त्याला एवढंच सांगितलं की निर्णय तुझाच राहील. मुक्तमधून कर किंवा रेग्युलर कर, पण भीती पाठीशी लागली म्हणून कर असं नको. दोन्ही दारं उघडी असताना एकातून आत जा. त्यानं आठ दिवस घेतले आणि दुसऱ्या एका कॉलेजात रेग्युलर बी.ए.ला प्रवेश घेतला. येण्याजाण्याला एसटीचा पास होताच. एमपीएससी सोडली नाही, फक्त पुढे ढकलली.

हे वाचून कुणाला वाटेल की मी वर्गाच्या बाजूची आहे. तसं नाही. त्याच उन्हाळ्यात चौतिशीतल्या एक ताई यायच्या. सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला, दोन मुलं, सासू अंथरुणावर. त्यांना ‘खऱ्या’ कॉलेजात जायचं होतं, मुक्तमधून केलेलं शिक्षण म्हणजे फसवणूक वाटत होती. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की त्यांना पदवीपेक्षा सुटलेली अठरा ते एकवीस ही वर्षं परत हवी होती. कोणतंही कॉलेज ती देऊ शकत नाही. हे एकदा मान्य केल्यावर त्या पोटभर रडल्या आणि मुक्तचा अर्ज भरून आल्या. रविवारची संपर्क सत्रं, म्हणजे शिक्षकांसोबतचे तास, त्यांनी एकदाही चुकवली नाहीत. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत स्वाध्याय लिहिणारी ती बाई मला कोणत्याही वर्गातल्या पहिल्या बाकापेक्षा मोठी विद्यार्थिनी वाटते. दोघांच्या प्रश्नाला उलटी उत्तरं मिळाली, आणि दोन्ही बरोबर आहेत असं मी ठामपणे म्हणते.

म्हणून पालकांना मी आता आधी विद्यापीठाचं नाव विचारत नाही. मुलाचा दिवस विचारते. सकाळी तो स्वतःहून पुस्तक उघडतो का? अडलं तर कुणाला विचारतो? घरात त्याला तीन-चार तास शांत कोपरा आहे का? मुक्त शिक्षणात पुस्तकं चांगली असतात, स्वतः शिकता यावं अशा बेतानं लिहिलेली असतात, पण ती तुम्हाला उठवायला येत नाहीत. कॉलेजचा वर्ग उठवतो. तिथे प्रयोगशाळा आहे, ग्रंथालय आहे, एनएसएस-एनसीसी आहे, आणि ज्याच्याशी पटत नाही अशा मुलाशेजारी तीन वर्षं बसायची सक्ती आहे. हे शेवटचं कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. माझ्या मते अठराव्या वर्षी त्याचीच सर्वांत जास्त गरज असते. नोकरी करणाऱ्याला, संसारात असलेल्याला किंवा खेळाडूला ते बाहेर मिळत असतं, त्यांनी त्यासाठी नोकरी सोडण्यात अर्थ नाही. शिवाय वेळेचं बंधनही सैल असतं. इग्नूत तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते.

फसवणुकीविषयी मात्र कठोर राहा. विद्यापीठ आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम, दोन्ही यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहेत का, हे स्वतः संकेतस्थळावर पाहा. एजंटच्या मोबाइलवरचा फोटो पाहून पैसे भरू नका. अलीकडे प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी, म्हणजे याच विभागाचा ओळख क्रमांक काढावा लागतो, तो तुम्हीच काढा. इंजिनीअरिंग, मेडिकल, डेंटल, फार्मसी, आर्किटेक्चर, वकिली या पदव्या दूरस्थ पद्धतीनं देता येत नाहीत. कुणी देतो म्हणाला तर तिथून उठा. ‘वर्षभरात तीन वर्षांची डिग्री’ म्हणणाऱ्या क्लासवाल्याकडे तर पाऊलही टाकू नका.

आणि ज्यांना दोन्ही हवंसं वाटतं त्यांनी हेही माहीत करून घ्यावं: २०२२ पासून यूजीसीनं एका वेळी दोन अभ्यासक्रम करायची मुभा दिली आहे. एक वर्गात बसून आणि दुसरा दूरस्थ, असं करता येतं. सुजितनं हे माझ्याकडूनच ऐकलं आणि दुसऱ्या वर्षापासून एखादा छोटा अभ्यासक्रम मुक्तमधून करायचं मनात घेतलं आहे. या वेळी त्यानं नियम काढून दाखवले नाहीत, फक्त “बघू” म्हणाला. ते ‘बघू’ ऐकून मला फार बरं वाटलं.

तो डिसेंबरात येऊन गेला, सत्र संपल्यावर, नुसता भेटायला. वर्गात एकदा वाचायची पाळी आली होती म्हणे. दोन मुलं हसली. त्यानं परिच्छेद पूर्ण वाचला आणि खाली बसला. मी पुढचं विचारणार तेवढ्यात तो म्हणाला, “मॅडम, थोडं पानी मिळेल का?”

मी तांब्या उचलला.