कात्री चालवण्याआधी

टेक्स्टाइल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गारमेंट टेक्नॉलॉजिस्टला नेमकं काय काम असतं? डिझायनरपेक्षा ते वेगळं कसं? – विद्यार्थी, इचलकरंजी

डिझायनर एक कपडा ठरवतो. तोच कपडा पाच हजार वेळा, पाचही साइझमध्ये, तसाच शिवून निघेल हे तुम्ही बघायचं. टेक पॅक, म्हणजे कपड्याची मापं-तपशील लिहिलेली कागदपत्रं, वाचायचं, पॅटर्न तपासायचा, सॅम्पल डमीवर चढवून मापं घ्यायची; सुई कोणत्या नंबरची, इंचाला टाके किती, माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) किती सोडायची हे लिहून द्यायचं. पॅटर्नचं सॉफ्टवेअर शिकाच, पण नोकरीच्या सुरुवातीला कटिंग टेबलापाशी उभं राहायला मिळालं तर सोडू नका. कापल्यानंतर सुधारता येण्यासारखं फार थोडं उरतं.

शाळेचे गणवेश शिवतो. पहिल्या धुण्यातच पँट आखूड होते, अशी पालकांची तक्रार येते. कापड तर नेहमीच्याच व्यापाऱ्याकडचं असतं. – युनिटमालक, सोलापूर

व्यापारी तोच असेल, लॉट तोच नसतो. विणताना आणि फिनिशिंगला उभा धागा ताणलेला असतो. पाणी लागलं की तो ताण सुटतो. म्हणून बहुतेक कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं, आणि पँटची लांबी नेमकी त्याच दिशेला कापलेली असते.

प्रत्येक लॉटमधून मीटरभर तुकडा काढा. त्यावर धुण्यात न जाणाऱ्या पेनाने 50 सेंटिमीटरचा चौकोन आखा. घरी धुतात तसा धुवा, न ताणता वाळवा आणि पुन्हा मोजा. उभी बाजू 48.5 भरली तर आट 3 टक्के. म्हणजे 100 सेंटिमीटरची पँट 97 वर येणार. पॅटर्न वाढवताना 100 ला 0.97 ने भागा; 103.1 येतात. मास्टर मंडळी सरळ 3 टक्के मिळवतात, तेवढ्याने बिघडत नाही. पण आट 8 टक्के असेल तर 108 पुरत नाहीत, 108.7 लागतात. उभी-आडवी आट वेगवेगळी धरा आणि वेगळ्या आटीचे लॉट एका लेमध्ये (एकदम कापायला रचलेल्या थरांत) अंथरू नका. शेडचा, म्हणजे रंगछटेचा, घोळही त्यामुळे टळतो.

पॉलिस्टर मिश्रणाच्या कापडाला आटच नसते, हे दुकानात ऐकलेलं डोक्यातून काढा. ते नीट हीट-सेट (उष्णता देऊन स्थिर) झालेलं नसेल तर गरम इस्त्रीखालीही आखडतं. तेव्हा तुकड्याला इस्त्री करूनही मोजा. मे महिन्याच्या धावपळीत या चाचणीला वेळ नसतो, मान्य. पण जूनमध्ये परत आलेल्या पँटी उसवून लांब करायच्या, तर तेवढी माया तरी आत कुठे असते?

एक्स्पोर्ट युनिटमध्ये क्यूसीला (दर्जा तपासणीला) आहे. 3,000 शर्टांच्या लॉटमधून 125 तपासले, 9 मध्ये मेजर दोष निघाले. मॅनेजर म्हणतात, दुसरे 125 काढून बघ. काय करू? – वाचक, नवी मुंबई

बायरने एक्यूएल (दोष किती चालवून घ्यायचे ती मर्यादा) 2.5 आणि तपासणीची नेहमीची दुसरी पातळी ठरवली असेल, तर एवढ्या लॉटला 125 नग तपासतात. 7 पर्यंत पास, 8 ला नापास. तुमचे 9 आहेत, लॉट थांबला. मनासारखा आकडा येईपर्यंत नग काढत राहणं म्हणजे तपासणी नव्हे.

पण नुसतं 'फेल' सांगून उठू नका. नऊ शर्ट टेबलावर दोषाप्रमाणे मांडा. समजा, सहांच्या बाहीच्या जोडावर टाके सुटलेत. मग त्या ऑपरेशनची मशिनं गाठा: सुई बोथट किंवा वाकडी आहे का, नीट बसवली आहे का, सुईचा धागा पकडणाऱ्या हुकचं टायमिंग हललं आहे का. मग सगळा लॉट त्या दोषासाठी नगानग तपासून, दुरुस्त करून पुन्हा तपासणीला ठेवा. हे सगळं मॅनेजरना लेखी द्या. माल बायरच्या गोदामातून परत आला तर पहिला प्रश्न तुमच्या सहीबद्दलच विचारतील.

30 जणांची लाइन, शर्टाचा एसएएम (एक नग शिवायला धरलेला प्रमाण वेळ) 20 मिनिटं, आठ तासांत 360 शर्ट. मालक म्हणतात, कारागीर आळशी आहेत. – सुपरवायझर, बारामती

360 गुणिले 20 म्हणजे 7,200 मिनिटांचं काम निघालं, हजेरी 14,400 मिनिटांची. एफिशियन्सी 50 टक्के. आकडा वाईटच, पण त्यावरून कोणी आळशी ठरत नाही. लाइनमधून एक फेरी मारा. ज्या मशिनपुढे बंडलांचा ढीग आणि ज्याच्या पुढचा माणूस रिकामा, तिथे काम अडलंय. शर्टात ती जागा बरेचदा कॉलर किंवा कफची असते. रिकाम्या हातांपैकी एक तिथे द्या आणि दर तासाचं प्रॉडक्शन फळ्यावर लिहायला लागा.