आता हृदयाचं आणखी कशाला उकरून काढायचं?

"मॅडम, एवढं सगळं पार पडलं. आता हृदयाचं आणखी कशाला उकरून काढायचं?"

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून चार-पाच वर्षं झालेल्या बायकांकडून हे वाक्य मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलंय की सुरुवात झाली की शेवट मला पाठ असतो. कुणी कोथरूडची, कुणी भोसरीची, कुणी सासवडहून एसटीने येणारी, वाक्य तेच. म्हणून हे लिहायला घेतलं. यातल्या ताई एक दिसतात, पण हकिकत तिघीचौघींची मिळून आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे.

ताई 56 वर्षांच्या, सहकारी बँकेतून निवृत्त. पाच वर्षांपूर्वी डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग केमो, त्यातले पहिले चार डोस 'लाल सलाईन'चे. मग रेडिएशन. आता रोज लेट्रोझोलची, म्हणजे इस्ट्रोजेन कमी करणारी, गोळी. वडील हार्टअटॅकने गेलेले. डॉक्टरांनी तीनदा लिहून दिलेला टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालेला नव्हता. कोलेस्टेरॉलची गोळी जूनमध्ये सुरू झाली आणि अकराव्या दिवशी गुपचूप बंद पडली. मुलगी त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली होती.

"आता मला काही होताच कामा नये," ताई म्हणाल्या. "एका माणसाने किती सोसायचं? माझा कोटा संपलाय."

आमच्या विवेकनिष्ठ समुपदेशनात, म्हणजे माणसाच्या मनातले अट्टहासी विचार तपासायच्या पद्धतीत, या 'च'वर फार नजर असते. 'होऊ नये' ही इच्छा झाली, 'होताच कामा नये' हा हुकूम. हुकूम सोडला की तो मोडल्याचा पुरावा नको असतो, मग तपासणीच नको वाटते. वीसेक वर्षं हा 'च' ऐकून कान तयार झालाय, तेव्हा पहिली दोन सत्रं मी त्याच्याशीच झटापट केली. ताई हुशार. दुसऱ्या सत्राच्या शेवटी त्या स्वतःच म्हणाल्या, "कळलं मॅडम. पासबुक भरून आणलं म्हणून खात्यातले पैसे कमी होत नाहीत." मी मनात म्हटलं, जमलं!

तिसऱ्या सत्राला आल्या. एको झालेला नव्हता.

इथे थोडं थांबून हृदयाचा संबंध काय ते सांगते, कारण निम्म्या बायकांना तो कुणी नीट सांगितलेलाच नसतो. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन. ते कॅन्सरच्या पेशी मारतं, पण हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकतं, आणि ही इजा एकूण डोसाबरोबर वाढते. ती वर्षांनंतरही वर येऊ शकते. ज्यांना ट्रास्टुझुमॅब, म्हणजे दर तीन आठवड्यांनी वर्षभर चालणारं इंजेक्शन दिलं जातं, त्यांच्यात हृदयाची ताकद कमी झाली तरी बहुतेकदा औषध थांबवल्यावर किंवा हृदयाची औषधं दिल्यावर ती सुधारते. म्हणून त्या वर्षात दर तीन महिन्यांनी एको असतो. डाव्या बाजूच्या रेडिएशनचा थोडा भाग हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर पडू शकतो. त्यात केमोने पाळी लवकर गेली की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरनंतरची दुसरी हॉर्मोनची गोळी एलडीएल थोडं खाली ठेवते. त्यावरून लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलवर आलं की तो आधार सुटतो आणि रिपोर्टात आकडा चढलेला दिसतो. बाई म्हणते, "खाण्यात काही बदल नाही, मग हे कुठून आलं?" इथून आलं.

हे सगळं ताईंना पाठ झालं होतं. तरी पाय निघत नव्हता. मग मी 'का नाही' हा प्रश्न टाकून दिला.

"एको कसा करतात, ठाऊक आहे?"

"आहे ना. केमोच्या आधी केला होता. डाव्या कुशीवर झोपवतात. डावा हात डोक्याखाली. वरचे कपडे काढून..." आणि त्या थांबल्या. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "तेव्हा तिथे एक मुलगा होता. माझ्या धाकट्याच्या वयाचा. तेव्हा सगळं जागच्या जागी होतं."

मी काही बोलले नाही.

"आमच्या ह्यांनीसुद्धा ती बाजू पाहिलेली नाही, मॅडम. पाच वर्षं झाली. मी बाथरूममधून ब्लाउज घालूनच बाहेर येते."

दोन सत्रं मी ज्याला हृदयरोगाची भीती समजत होते ती भीती मुळात तिथे नव्हतीच फारशी. कोटा, सोसणं, उकरून काढणं ही सगळी पुढे उभी केलेली सभ्य कारणं होती. त्यामागे एक थंडगार खोली होती आणि डावी बाजू उघडी टाकून पडायचं होतं. तेव्हापासून मी हा प्रश्न कुठल्याही टाळलेल्या तपासणीला लावते: दारातून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत काय काय होतं ते मला सांगा. बाई सांगता सांगता जिथे अडखळते, काम तिथे करायचं. माझ्या लेखी हा शोध लहान नाही.

मग आम्ही त्या खोलीचीच तयारी केली. चार फोन झाले, त्यातले दोन माझ्यासमोर. विचारायचं एवढंच: "एको करणारी किंवा सोबत थांबणारी बाई मिळेल का? कोणत्या दिवशी?" चौथ्या ठिकाणी मंगळवार मिळाला. समोरून बटणांचा कुर्ता, खाली सिलिकॉनची पॅडवाली ब्रा असेल तर ती काढायला पर्स किंवा पिशवी, सोबत सुती ओढणी. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा दांडा, फिरतो तेवढीच जागा उघडी ठेवून बाकीचं झाकता येतं, फक्त ते आधी सांगावं लागतं. खांदा आखडलेला असेल तर हाताखाली उशी मागायची. व्रणामुळे किंवा आत इम्प्लांट असल्यामुळे चित्र नीट आलं नाही तर उताणं झोपवून, गुडघे दुमडून, बरगड्यांच्या खालूनही काही चित्रं घेतात. वेळ अर्धा-पाऊण तास. उपाशी राहायची गरज नाही. 'ऑपरेशनची बाजू आहे, व्रणावर जोर देऊ नका' हे वाक्य ताईंनी माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा आवाज बँकेतला आला.

जाताना जुना एको घेऊन जायचा, हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारं. 'नॉर्मल' हा शब्द कामाचा नाही, आकडा हवा. ईएफ, म्हणजे हृदय एका ठोक्यात आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतं, साधारण 55च्या पुढे असावं. ते 10 अंकांनी घसरून 50च्या खाली आलं तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. पण 66चं 56 झालं असेल तर रिपोर्टवर 'नॉर्मल'च छापून येईल. जुना कागद नसेल तर ही घसरण कुणाला दिसणार? 'स्ट्रेन', म्हणजे हृदयाचा स्नायू किती आखडतो ते, हेही मोजतील का, ते विचारावं. स्नायूचा थकवा त्यात ईएफच्या आधी दिसू शकतो. आणि जमेल तोवर एकाच ठिकाणी, एकाच मशीनवर.

दुसरा गृहपाठ फाइलचा. ताईंची फाइल पाच वर्षं यजमानांच्या ताब्यात होती. त्यातून एका पानावर उतरवायचं: कोणती बाजू, कोणती औषधं, किती डोस, रेडिएशन किती, शेवटची तारीख. ताईंनी बँकेच्या सवयीने रकाने आखून आणले. डॉक्सोरुबिसिन, शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला 60 मिलिग्रॅम, गुणिले 4, बरोबर 240. हृदयरोगतज्ज्ञ 250 आणि पुढचा डोस जास्त जोखमीचा धरतात. 240 म्हणजे वेशीवर, शिवाय डाव्या बाजूचं रेडिएशन, शिवाय वडिलांचा इतिहास. ताईंना कुणीतरी 'आता दहा वर्षं बघायला नको' असं सांगितलं होतं. पण युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या 2022च्या मार्गदर्शनात सगळ्यांसाठीच उपचार संपल्यावर वर्षभरात एक तपासणी आणि दरवर्षी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी असा हिशोब आहे. जास्त जोखमीच्या रुग्णांना पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या वर्षी एको आणि पुढे दर पाच वर्षांनी. आपण कोणत्या गटात ते त्या एका पानावरून डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात.

आता गोळी. ताईंचा रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल 251, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 48, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 175, एलडीएल 168. एकूण आकड्याने घाबरायचं नाही की निर्धास्तही व्हायचं नाही, एलडीएल बघायचं. आपल्याकडे जोखीम कमी असेल तरी ते 100च्या आत आणि जास्त असेल तर 70च्या आत ठेवायला सांगतात.

"गोळीने माझी बोटं धरली," ताई म्हणाल्या. "सकाळी मूठ वळत नाही."

"मागच्या दिवाळीत चकल्या केल्या होत्या?"

"केल्या. सोऱ्या मात्र सुनेने फिरवला. माझ्याच्याने फिरेना."

दिवाळी आधीची, गोळी जूनची. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. बोटं, मनगटं, सकाळचा ताठरपणा, हालचाल केली की जरा सैल होणं, हे लेट्रोझोलचं नेहमीचं दुखणं. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं दुखणं आलंच तर मांड्या, पोटऱ्या, खांदे यांच्या स्नायूंत, दोन्ही बाजूंना, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. म्हणून गोळी सुरू करण्याआधी आठवडाभर 'कुठे दुखतं' ते लिहून ठेवावं, नाहीतर आधीच्या दुखण्याचा आळ नव्या गोळीवर येतो. लघवी कोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. मानेजवळ रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडही तपासून घ्यावं. ते मंदावलं की एलडीएल चढतं आणि अंगही दुखतं. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, हे माझं क्षेत्र नाही. ताईंच्या डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन 5पासून पुन्हा सुरू केली, मग 10. ही रात्रीच घ्यायला हवी असं नाही. ताई लेट्रोझोलसोबत सकाळी घेतात, म्हणून विसरत नाहीत. मात्रा पक्की झाल्यावर आठ आठवड्यांनी एलडीएल 96. डॉक्टरांना अजून खाली हवंय.

खाण्याबद्दल फार बोलत नाही, सगळेच बोलतात. वरणभातावरचं चमचाभर तूप ताईंचं चालू आहे. चहासोबतच्या रोजच्या चार खाऱ्या बंद झाल्या. वनस्पती तूप तिथे दडलेलं असतं. दोघांना महिन्याला एक लिटर तेल, बाटलीवर तारीख टाकून. आणि कुणी 'कोलेस्टेरॉलचा काढा' दिला तर घेण्याआधी डॉक्टरांना दाखवायचा.

बीपी उजव्या हातावर, कारण डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, बाही वर सरकवून न आवळता दंड मोकळा करून. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. घरी 135/85च्या वर राहिलं तर डॉक्टर. ताईंचे आकडे कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाशेजारी असतात.

दमाचं मोजमाप त्यांनी स्वतःच शोधलं. पर्वतीच्या 103 पायऱ्या. महिन्यातून एकदा, कितीदा थांबावं लागलं ते लिहायचं. एकदा थांबणारी बाई दोन महिन्यांत तीनदा थांबू लागली, रात्री उशी वाढवावी लागली, संध्याकाळी मोज्याची खूण खोल उमटू लागली, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, घाम, मळमळ असेल तर 108 लावायचा. 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणत रात्र काढायची नाही.

ईएफ 58 आला. जुना 62. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक मोजणीतही पडतो, ठीक आहे. मंगळवारी यजमान बाहेर बाकावर बसले होते. आत बोलवायचं की नाही हे ताईंचं अजून ठरलेलं नाही आणि मीही घाई करत नाही.

परवा सत्र संपल्यावर त्यांना एक फोन आला. केमोच्या वेळची मैत्रीण, एको टाळत असलेली. ताई जिन्यातच थांबून बोलत होत्या. "मंगळवारी जा. तिथे बाई असते. आणि हे बघ, साडी नेसून जाऊ नकोस, समोरून बटणांचं काहीतरी घाल. खोली गार असते."