एकटीने क्रूझ: रिकाम्या खाटेचे पैसे कुठे वाचतात आणि कुठे नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जाहिरातीत सिंगापूरच्या चार रात्रींच्या क्रूझचं भाडं ‘माणशी ३०,००० पासून’ लिहिलं होतं, आणि ‘प्रवासी: १’ निवडून पुढे गेल्यावर शेवटच्या पानावर ७४,००० दिसले. निवृत्तीनंतरची पहिली क्रूझ, मुलुंडहून एकटीने निघायचं. ही फसवणूक आहे का, आणि नसेल तर आकडा खाली कसा आणायचा?

फसवणूक नाही. चर्चगेट स्टेशनबाहेरची नरिमन पॉइंटची शेअर टॅक्सी आठवा. भाडं सीटवर सांगतात, पण टॅक्सी सुटते ती भरल्यावर. घाई असेल तर उरलेल्या सीटचे पैसे आपण द्यायचे आणि निघायचं. जहाजाच्या केबिनचंही तसंच, फक्त सीट दोन. जाहिरातीतलं भाडं केबिनमध्ये दोघं झोपणार असं धरून काढलेलं असतं. एकटं गेलं की रिकाम्या खाटेचं भाडं आपल्यावर येतं, त्याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात. बहुतेक कंपन्या ते १०० टक्के लावतात, म्हणजे मूळ भाडं दुप्पट. कंपनीचं नुकसान नुसत्या खाटेचं नसतं. दुसरा माणूस जहाजावर पेय, सहल, स्पा, खरेदी यांवर जो खर्च करतो, तोही बुडतो. म्हणून ही रक्कम घासाघीस करून सहसा कमी होत नाही, दुसऱ्या वाटांनी होते.

आधी तुमचा आकडा फोडून बघू. समजा मूळ भाडं ३०,०००, बंदर शुल्क आणि कर ८,०००, ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप) ६,०००. जोडप्याला प्रत्येकी ४४,००० पडतात. तुम्हाला ६०,००० अधिक ८,००० अधिक ६,०००, म्हणजे ७४,०००. बंदर शुल्क आणि ग्रॅच्युइटी माणशी असते, ती दुप्पट व्हायला नको. त्यामुळे ‘१०० टक्के सप्लिमेंट’ असूनही एकूण खर्च जोडप्यातल्या एकीपेक्षा सुमारे ६८ टक्के जास्त होतो, दुप्पट नाही. एजंटकडून कोटेशन घेताना नेमकी हीच गफलत होते: एकूण रकमेला सरळ दोनने गुणलेलं असतं. कोटेशनमध्ये मूळ भाडं, बंदर शुल्क, ग्रॅच्युइटी आणि जीएसटी अशा चार वेगळ्या ओळी लेखी मागा. ग्रॅच्युइटीच्या ओळीत दोन माणसं दिसली तर तिथेच थांबवा. परदेशी जहाजांवर ती साधारण दिवसाला १६ ते २० डॉलर असते. भाड्यात धरलेली नसेल तर जहाजावरच्या तुमच्या खात्यात रोज पडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याकडे फार कमी जण लक्ष देतात. एकट्या माणसाला केबिनच्या दर्जातला फरकही दुप्पट पडतो. आतली केबिन ३०,००० आणि बाल्कनीची ४२,००० असेल, तर जोडप्यातल्या प्रत्येकाला बाल्कनी १२,००० ला मिळते. तुम्हाला तीच बाल्कनी २४,००० ला. त्याच सज्जात खुर्ची एकच वापरली जाणार. चार रात्रींच्या फेरीत दिवसभर माणूस डेकवरच असतो, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वेळी आतली केबिन घ्यावी. खिडकी नसलेल्या खोलीत गुदमरतं असा ज्यांचा अनुभव आहे त्यांनी मात्र खिडकीची घ्यावी, तिथे पैसे वाचवू नयेत. समुद्र लागण्याचा त्रास असेल तर खालचा मजला आणि जहाजाचा मध्यभाग मागा, तिथे डोलणं सगळ्यात कमी जाणवतं. अशा केबिन सहसा स्वस्तही असतात.

केबिन नंबर न निवडता फक्त प्रकार निवडून बुकिंग करता येतं, त्याला गॅरंटी केबिन म्हणतात. नंबर कंपनी नंतर देते, भाडं थोडं कमी असतं. एकट्या माणसाला हे बरं, कारण कुटुंबाच्या दोन केबिन लांब पडण्याची भानगड नाही. तोटा इतकाच, की केबिन पोहण्याच्या तलावाखाली किंवा थिएटरच्या वर येऊ शकते, किंवा शेजारच्या केबिनमध्ये उघडणाऱ्या दाराची. ते दार कुलूपबंद असतं, पण आवाज येतो.

एकट्यांसाठी बांधलेल्या केबिनही असतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०१० मध्ये नॉर्वेजियन एपिक जहाजावर १२८ स्टुडिओ केबिन काढल्या: साधारण १०० चौरस फूट, खिडकी समुद्राकडे नाही तर कॉरिडॉरकडे, आणि फक्त स्टुडिओवाल्यांच्या कार्डावर उघडणारं वेगळं लाउंज. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम आणि अँथम ऑफ द सीजवरही स्टुडिओ आहेत, काही बाल्कनीसकट. या दोन्ही जहाजांनी सिंगापूरहून फेऱ्या केल्या आहेत. पण ‘सप्लिमेंट नाही’ एवढं वाचून भुलू नका. स्टुडिओचं एकट्याचं भाडंच असं ठरवलेलं असतं की ते आतल्या केबिनच्या दुपटीच्या जवळ जातं. दुप्पट आतली ६०,००० असताना स्टुडिओ ५५,००० असेल, तर पाच हजारांसाठी दीडशे चौरस फुटांची खोली सोडून शंभराची घ्यायची का, हे ठरवावं लागेल. कधी कधी स्टुडिओ उलट महागच निघतो. दोन्ही आकडे एकाच दिवशी, बंदर शुल्कासकट शेजारी ठेवून बघा.

बुकिंग कधी करायचं, याचे दोन नियम आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. स्टुडिओ हव्या असतील तर फेरी विक्रीला निघताच घ्या, त्या थोड्या असतात आणि आधी संपतात. साधी केबिन एकटीने घ्यायची असेल तर फायनल पेमेंटच्या, म्हणजे उरलेले सगळे पैसे भरायच्या शेवटच्या तारखेनंतर बघा. ही तारीख कंपनी आणि रात्रींच्या संख्येप्रमाणे साधारण ७५ ते १२० दिवस आधी असते. ज्यांचं जमत नाही ते त्याच सुमाराला रद्द करतात, केबिन परत विक्रीला येतात, आणि रिकामी केबिन नेण्यापेक्षा सप्लिमेंट कमी केलेलं कंपनीला परवडतं. सिंगापूरसाठी हा डाव जमतो, कारण व्हिसा ऑनलाइन आणि तुलनेने लवकर होतो. युरोपसाठी जमत नाही; शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंटमध्येच आठवडे जातात. दोन्हीकडे एक तपासा: जहाज मधे दुसऱ्या देशात जाऊन परत येतं, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा लागतो.

सुट्ट्यांच्या तारखा टाळा. सिंगापूरच्या शाळांना मार्च, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुट्टी असते, आपल्याकडे दिवाळी आणि मे. त्या दिवसांत एका केबिनमध्ये चार माणसांचं कुटुंब येतं, मग एकट्याला सवलत कोण देईल? जानेवारीचा मध्य बरा, मात्र चिनी नववर्षाचा आठवडा वगळून.

जोडीदार शोधून केबिन वाटून घेणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या महिला सहलींत ट्विन शेअरिंग मिळतं. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: खोली वाटून घ्यायला कोणी मिळालं नाही, तर फरक कोण भरणार? काही कंपन्या स्वतः सोसतात, काही सहलीच्या पंधरा दिवस आधी तुमच्याकडे मागतात. केबिनमधले दोन बेड वेगळे करता येतात, पण ते आधी सांगावं लागतं, नाहीतर पहिल्या रात्री डबल बेड जोडलेला सापडतो.

मैत्रिणीबरोबर बुक केलं आणि ती गळाली तर? इथे मोठा फटका बसतो. तिचं नाव रद्द केलं की तुमचं बुकिंग एकटीचं होतं आणि भाडं नव्याने लागू शकतं. फायनल पेमेंटनंतर तिचे पैसे बहुतेक जातातच. तेव्हा रद्द करण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारा, की ती ऐन वेळी आलीच नाही तर माझ्या भाड्यात काही बदल होईल का. उत्तर लेखी घ्या आणि मगच हालचाल करा. याच्याच उलट एक ‘युक्ती’ सांगितली जाते: दुसऱ्या प्रवाशाला सवलत चालू असताना कोणाचंही नाव घालून दोघांचं बुकिंग करायचं आणि एकटीने जायचं. करू नका. नाव पासपोर्टप्रमाणे लागतं, आणि कंपनी भाडं एकट्याच्या दराने पुन्हा लावू शकते. तीच सवलत एकट्याच्या बुकिंगवर लागते का, हे सरळ विचारलेलं बरं. काही कंपन्यांत ती लागते.

लॉयल्टी पॉइंटसाठी जीव टाकू नका. रॉयल कॅरिबियनमध्ये केबिन एकटीने घेतली तर रात्रीला दोन पॉइंट मिळतात, आणि ३४० पॉइंटनंतर भाडं २०० ऐवजी १५० टक्के लागतं. म्हणजे १७० रात्री. वर्षात एक छोटी फेरी करणाऱ्याच्या हा फायदा कामाचा नाही.

केबिनबाहेरचा खर्च लोक धरतच नाहीत. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी सिंगापूरला पोचायला हवं, आणि हॉटेलची खोलीही एकटीलाच पूर्ण पडते. मरीना बे क्रूझ सेंटरला टॅक्सीने जाण्याची गरज नाही, मरीना साउथ पिअर हे मेट्रो स्टेशन जवळ आहे. बंदरांवर फरक आणखी मोठा. मलेशियातल्या पेनांगचा स्वेटनहॅम पिअर जॉर्जटाउन शहरातच आहे. चालत लिटिल इंडियात जाता येतं, गावात फुकट कॅट बस फिरते, म्हणून तिथे सहल विकत घेऊ नका. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर तासाभराहून लांब आहे आणि टॅक्सीचं भाडं गाडीवर असतं, ते एकटीने भरायचं म्हणजे पुन्हा सप्लिमेंटच. अशा ठिकाणी जहाजाची सहल घ्या: दर माणशी असतो, आणि परतायला उशीर झाला तरी जहाज आपल्याच सहलीसाठी थांबतं. एकटीने टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही.

दोन गोष्टींत एकट्याचा फायदाही आहे. पेयांचं पॅकेज एकाने घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसानेही घ्यावं, असा नियम बऱ्याच जहाजांवर असतो. तुम्हाला तो लागू नाही. आणि विमा माणशी असतो. फक्त ट्रिप रद्द झाल्याची रक्कम धरताना ३०,००० नाही, भरलेले पूर्ण पैसे धरा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल आधी आपल्या खात्यात पडतं, नंतर विम्याकडून मागायचं असतं, म्हणून पावत्या सांभाळा. रक्तदाब, मधुमेह जे काही असेल ते फॉर्मवर लिहा.

परदेशी पॅकेज एजंटकडून घेतलं तर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर) पूर्ण रकमेवर, म्हणजे सप्लिमेंटवरही कापला जातो. तो अधिकचा खर्च धरू नका. विवरणपत्र भरलं की कराशी वळता होतो किंवा परत मिळतो. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर दर जास्त लागतो. नंतर आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावावर ती रक्कम दिसते का बघा.

आणि सिंगापूरच हवं का, याचाही विचार करा. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर विमान, व्हिसा, आदल्या रात्रीचं हॉटेल, टीसीएस काहीच नाही. मुलुंडहून लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. जहाज १९९० चं, मुळात तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठीच बांधलेलं. केबिन आजच्या मानाने लहान, पण एकटीला पुरते. सप्लिमेंट इथेही विचारून घ्या, आणि शनिवार-रविवार धरून जाणारी फेरी सोडून मधल्या वारांची बघा. गोव्याला जहाज मुरगावला लागतं. पणजी तिथून साधारण ३० किलोमीटर, टॅक्सी गाडीवर; वास्कोहून बस मिळते, किंवा नाश्त्याच्या टेबलावरच कोणाबरोबर टॅक्सी ठरवा. खाटेवर तिकीट मिळण्याची सोय मुंबईत एकदा होती: २०१८ मध्ये माझगावहून सुरू झालेल्या आंग्रिया जहाजावर डॉर्मिटरी आणि पॉड होते. ती सेवा पुढे बंद पडली.

जेवणाचं म्हणाल तर चढल्याच दुपारी डायनिंग रूममध्ये जाऊन शेअर्ड टेबल मागा, नंतर जागा भरतात. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंग करतानाच नोंदवा.

तुमची फेरी कोणत्या महिन्यात आहे आणि ७४,००० मध्ये ग्रॅच्युइटी धरली आहे का, ते इथे लिहा. कोटेशनच्या चार ओळी टाकल्यात तर कुठली कमी होऊ शकते ते सांगता येईल.