अनसॉलिसिटेड म्हणजे नको असलेलं का?

प्रश्न : बँकेने मी न मागताच क्रेडिट कार्ड घरी पाठवलंय. तक्रारीत 'अनसॉलिसिटेड कार्ड' असं लिही असं भाचा म्हणतो. म्हणजे नको असलेलं का? मराठीत काय लिहू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, भाच्याने शब्द अगदी बरोबर सांगितलाय, अर्थ मात्र थोडा वेगळा आहे. सॉलिसिट म्हणजे मागणं, विनंती करणं, त्यामुळे अनसॉलिसिटेड म्हणजे न मागता आलेलं, मग ते आपल्याला आवडो नाहीतर न आवडो. प्रकाशकाकडे कोणी आपणहून कादंबरी धाडली तर तिलाही इंग्रजीत अनसॉलिसिटेड मॅन्युस्क्रिप्टच म्हणतात आणि कधीकधी ती आवडून छापलीही जाते. ॲडव्हाइस, ईमेल, कॉल, नोकरीचा अर्ज ह्या सगळ्यांना हा शब्द चालतो, पण न बोलावता आलेल्या पाहुण्याला अनइन्व्हायटेड म्हणायचं. आपल्या मराठीत दोघांना मिळून 'अनाहूत' हा किती सुंदर शब्द आहे बघा, अनाहूत पाहुणा, अनाहूत सल्ला, पण 'अनाहूत कार्ड' कानाला खटकतं, तिथे सरळ 'न मागता पाठवलेलं कार्ड' लिहा.

आणि तक्रारीत हे लिहाच, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत हाच शब्द आहे. असं कार्ड देण्यावर सक्त मनाई आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय ते चालू करून बिल लावलं तर बँकेने ते पैसे परत करायचे, वर त्याच्या दुप्पट दंडही तुम्हालाच द्यायचा. 'मला कार्ड नकोय' एवढंच लिहिलंत तर ते नुसतं कार्ड बंद करायची विनंती समजून मोकळे होतील, म्हणून 'मी मागितलं नव्हतं आणि संमतीही दिली नव्हती' हे स्पष्ट लिहा. तोवर कार्ड चालू करू नका, फोनवर कोणाला ओटीपी सांगू नका. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे तक्रारीला फी नाही.

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमांतही जाहिरातींच्या कॉल-मेसेजना अनसॉलिसिटेड कमर्शियल कम्युनिकेशन म्हणतात, त्यांची तक्रार 1909 वर करायची.