हात पिठात होते म्हणून

मी समुपदेशक आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरचं माणूस खुर्चीत टेकून श्वास घेतं तेव्हाच ते येणार हे कळतं. "मॅडम, ऑफिस सुटतं, पण डोक्यातून जातच नाही." आयटीतली मुलगी म्हणते, शिक्षक म्हणतात, परवा एका डॉक्टरबाईही म्हणाल्या. त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला: "संध्याकाळी फिरायला जा, काहीतरी छंद लावा, असं सगळेच सांगतात. त्यानं खरंच काही होतं का?"

होतं. पण कशामुळे होतं, ते मला एका बँकवाल्या गृहस्थांनी नीट दाखवून दिलं. त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. शाखेत सगळे त्यांना साहेब म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

वय सेहेचाळीस, शाखाधिकारी, घर कोथरूडला. पत्नीनं अक्षरशः हाताला धरून आणलं होतं. जेवताना ताटाशेजारी फोन, रात्री तीनला जाग, मुलगी काही सांगायला लागली की "हं, हं" आणि नजर भलतीकडे. ठेवी, कर्जवसुली, विमा पॉलिसी, सगळ्याचं टार्गेट. त्यावर रात्री आठनंतर कधीही येणारा वरिष्ठांचा फोन. छातीत धडधडतं म्हणाले, तेव्हा आधी डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी ठीक निघाला, मग आमचं काम सुरू झालं. शरीराची तपासणी झाल्याशिवाय धडधडीला 'टेन्शन' म्हणायचं नाही, हा माझा नियम आहे.

पहिल्या भेटीत मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, शाखेतून निघण्याआधी उद्याची अर्धवट कामं कागदावर उतरवायची आणि कागद तिथल्याच ड्रॉवरमध्ये ठेवायचा. अपुरं काम मनाला पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त आठवत राहतं, हे ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच मांडलंय. कागदावर उतरलं की मन पहारा थोडा सैल करतं. दुसरी, मेट्रोनं वनाजला उतरण्याऐवजी दोन स्टेशनं आधी, आयडियल कॉलनीला उतरायचं आणि मयूर कॉलनीच्या गल्ल्यांतून घरी चालत जायचं. फोन बॅगेत.

पंधरा दिवसांनी आले ते वहीच घेऊन. रोजची पावलं लिहिलेली. मंगळवारी ९,४०० भरली, म्हणून जेवणानंतर सोसायटीत फेऱ्या मारून दहा हजार केली होती.

"बरं वाटलं का?"

"दहा हजार झाली ना, मॅडम."

"मी बरं वाटलं का विचारलं."

गप्प झाले. मी त्यांना सांगितलं, हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. आकडा तिथून जगभर पसरला. साहेब माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे हेही टार्गेटच." मी वही माझ्याकडे ठेवून घेतली.

चालण्यानं आराम पडतो तो पावलांची दखल कुणी घेत नाही तेव्हा. दिवसभर प्रत्येक हालचालीचा हिशेब देणाऱ्या माणसाला वीस मिनिटं बेहिशेबी हवी असतात. रस्ता रोज तोच असलेला बरा. पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, एका बंगल्यापाशी रातराणीचा वास येतो आणि तिथपर्यंत पोचले की खांदे खाली येतात. मला तेवढं पुरे होतं.

फिरण्याच्या जोडीला साहेब पुढे बेकिंगही करायला लागले. ती कल्पना माझी नव्हती, हे मुद्दाम सांगते. छंद समुपदेशकानं लिहून द्यायचा नसतो, माणसाच्या जुन्या दिवसांत तो कुठेतरी पडलेला असतो, तिथून उचलायचा असतो. मी विचारलं होतं, शेवटचं कधी वेळेचं भान सुटलं होतं? ते खूप वेळ आठवत राहिले. मग सांगलीकडचं लहानपण निघालं. दिवाळीआधी आई मैदा, तूप, पिठीसाखर देऊन बेकरीत पाठवायची. आपला नंबर येईपर्यंत भट्टीजवळ बसून राहायचं आणि गरम नानकटाईचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन घरी यायचं. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला.

घरात ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, पडून होता. नानकटाई जमली, मग पावाकडे वळले. पाव कितीही विनवलं तरी लवकर फुगत नाही. पाव किलो मैदा, दीडशे मिलिलिटर कोमट पाणी, चमचाभर यीस्ट, तेवढंच मीठ. दहा मिनिटं मळायचं आणि दुप्पट होईपर्यंत तास-दीड तास झाकून ठेवायचं, थंडीत आणखी जास्त. पाणी कडकडीत गरम घेतलं तर यीस्ट मरतं. घाईचा तिथे काही उपयोग नाही.

आणि मग तो गुरुवार. साहेब खोलीत आले ते उभ्यानंच बोलायला लागले.

"मॅडम, काल फोन वाजला. वरिष्ठांचाच. आणि मी उचलला नाही."

"का?"

"हात पिठात होते. कोपरापर्यंत. धुऊन पुसेपर्यंत बंद झाला, मग परत वाजला. म्हटलं, आता मळून घेऊ."

"मग?"

"मग काही नाही. सकाळी म्हणाले, काल फोन लागला नाही. मी म्हटलं, घरी कामात होतो. म्हणाले बरं, आणि पुढच्या विषयावर गेले." खुर्चीत बसले. "एकवीस वर्षं झाली मॅडम नोकरीला. मला वाटायचं, फोन उचललाच पाहिजे."

मी त्यांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. फोन उचललाच पाहिजे. मग त्यातला 'च' काढून म्हणायला लावलं. फोन उचलला पाहिजे. दोनदा म्हणाले आणि डोळे भरून आले.

अठरा वर्षांच्या कामात मी अशा 'च'चाच माग काढत आले आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा हाच. इच्छा आपल्याला थकवत नाही, इच्छेचा हट्ट झाला की थकवते. मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो, हे आपलं भाग्य. मात्र हा 'च' नुसत्या बोलण्यानं सुटत नाही. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जाऊन त्यांनी महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलणं सुरू केलं. ज्याची भीती होती तसं काही झालं नाही, आणि ते शरीराला कळलं. साहेबांना मी चार भेटींत जे समजावत होते, ते चिकट पिठानं एका संध्याकाळी पटवलं. मला त्याचा आनंदच झाला.

म्हणून विचारणाऱ्यांना सांगते: फिरणं किंवा बेकिंग निवडताना हात गुंतलेले राहतील आणि फोन लांब राहील एवढं बघा. पहिले दोन महिने फोटो ग्रुपवर टाकू नका. साहेबांना शेजाऱ्यांनी पावाची ऑर्डर द्यायला सुरुवात केली होती, ती मी थांबवायला लावली. जमेल तितके दिवस करा, चुकलेले दिवस मोजू नका. घरच्यांनी "आज केलं नाहीस का?" असं विचारू नये, तो नवा रिव्ह्यू होतो.

आणि हेही तितक्याच ठामपणे सांगते, की अशक्य टार्गेटं पावानं शक्य होत नाहीत. रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनबद्दल वरिष्ठांशी बोलावंच लागतं. साहेब दोन महिन्यांनी बोलले. निम्मं ऐकलं गेलं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर फिरण्यावर भिस्त ठेवू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

एप्रिलमध्ये साहेब शेवटचे आले. मार्चअखेरीत एकदाही पाव झाला नव्हता, आयडियल कॉलनीला उतरणंही कित्येक दिवस चुकलं होतं. किती दिवस, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही मोजलं नव्हतं. जाताना पत्र्याचा एक जुना डबा टेबलावर ठेवला. झाकण उघडलं तर वेलदोड्याचा वास आला. अर्ध्या नानकटाया मधोमध तडकलेल्या होत्या.

"आईच्याही तडकायच्या," म्हणाले.