जादूच्या दुनियेतली (फँटसी) पहिली कादंबरी कोणती घेऊ?

जिद्दी नायिका आणि जादू, दोन्ही हवं असेल तर सुरुवातीलाच लांबलचक मालिका हाती घेऊ नकोस. आधी एका भागात कथा पूर्ण होईल असं पुस्तक घे. मी नेहमी गार्थ निक्स यांची १९९५ सालची 'सॅब्रिएल' सुचवते. त्यात नायिकेकडे वडिलांच्या सात घंटा येतात, मेलेल्यांना परत मृत्यूत धाडणाऱ्या. प्रत्येक घंटेचं काम वेगळं, आणि सातवी तर वाजवणाऱ्यालाही मृत्यूत ओढते. चांगली जादू ओळखायची ती अशी: वापरणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. जिथे ऐन वेळी नायिकेला नवी शक्ती आपोआप गवसते, तिथे तिच्या जिद्दीला कामच उरत नाही. मग तिची काळजी तरी कशी वाटणार?

मालिकाच हवी असेल तर टॅमोरा पिअर्स यांची अलानाची चार पुस्तकं घे, पहिलं १९८३चं. सरदार होण्यासाठी अलाना जुळ्या भावाशी जागा बदलते आणि मुलगा म्हणून शिकते. तिला तलवारीपेक्षा स्वतःतल्या जादूचीच धास्ती जास्त, आणि मला ती आवडते ती त्यामुळेच.

अशा पुस्तकांतले नकाशे, विचित्र नावं, राजघराण्यांच्या वंशावळी बघून बिचकू नकोस. पाठ करायला जाऊ नकोस, वाचता वाचता सगळं आपोआप लक्षात राहतं. पन्नास पानांनंतरही नायिकेला नेमकं काय हवंय ते कळलं नाही, तर मात्र पुस्तक खुशाल बाजूला ठेव.